चेअरमनची भाकरी

मु. वाघदरा, ता. आष्टी
११ फेब्रुवारी १९७३

ती. अक्का,

पाया पडतो. तू तिकडं धर्मापुरीला आणि मी इकडं आष्टीच्या टोकाला, मधे सगळा जिल्हा आडवा पडलेला. म्हणून कागदालाच डोकं टेकवलं आहे. कागदावर डाग दिसला तर तो घामाचा समजावा. डोक्याला लावायचं तेल केव्हाच संपलं.

इकडचं काय सांगू. विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. बैल छावणीत नेऊन बांधले. सून अंजना तळ्याच्या कामावर जाते ती दिवस मावळताना येते. मी सोसायटीच्या ओट्यावर बसून रेशनची मिलो वाटतो. ही अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. बाया ती पदरात घेतात आणि मलाच शिव्या देतात, जसा काही मीच तिकडं जाऊन पेरून आलो. भाकरी मोडते म्हणतात. मी चेअरमन माणूस, मला गप्प बसवत नाही. मी सांगतो, "मिलो चांगली असते, करायची रीत पाहिजे." रीत कोणती, ते एकीनंही विचारलं नाही म्हणून निभावलं.

आता काम सांगतो. उन्हाळ्यात माझ्याकडं पाहुणे जेवायला येणार आहेत. सोसायटीचे साहेब लोक आहेत. स्वयंपाक मी स्वतः करणार आहे. हसून घे, मग पुढं वाच.

मला तीन गोष्टींची रीत कळव. मिलोची भाकरी, येसर आमटी आणि पुरणपोळी. आधी घरी करून बघीन, हात बसला की पाहुण्यांना वाढीन. मला आजवर चुलीतलं एकच काम येत होतं, विडी पेटवायचं. तेव्हा अगदी पहिल्यापासून लिही. पाणी कुठल्या भांड्यात घ्यायचं तेसुद्धा लिही.

तुझा
निवृत्ती


धर्मापुरी
२३ फेब्रुवारी १९७३

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

पत्र वाचून जाऊबाईला दाखवलं. ती हसून हसून पाट्यावर पडली. मी न्हाई हसले. मी काळजीत पडले. घरात अंजनासारखी सुगरण असताना तू कावून चुलीत डोकं घालायलास? अन् साहेब लोकांना पुरणपोळी कवापासून लागाय लागली? त्यांना कोंबडी लागती, हे मला धर्मापुरीत बसून माहीत हाय.

बरं, विचारलंस म्हणून सांगते.

मिलोच्या पिठाला चिकटपणा न्हाई. गार पाण्यात मळशील तर रांगोळी हुईल. पाण्याला उकळी आण, त्यात पीठ टाक, उतरव, झाकून ठेव. निवलं की तळव्याच्या मुळानं रगड. जीव जाईस्तोवर रगड. मग थाप.

येसरला ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मिरच्या, समदं येगयेगळं भाजायचं. एका वक्ताला एकच. तू घाईचा माणूस, समदं एकदम तव्यावर लोटशील. लोटू नको. दळून आणलं की ते पाण्यात कालवून फोडणीच्या पाण्यात सोडायचं. आमटी पातळ दिसली तर भिऊ नको, निवताना दाटती.

पुरणाची डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, तवर गूळ घालायचा न्हाई. गूळ आधी पडला की डाळ हट्टाला पेटती, मग शिजत न्हाई. पुरण शिजताना उलथनं त्यात उभं राहिलं पाहिजे.

तू मला कोळशानं भिंतीवर काढून अक्षरं शिकवलीस, त्याची ही फेड समज. खरं काय ते कळव.

दगडाअक्का


मु. वाघदरा
८ मार्च १९७३

ती. अक्का,

नमस्कार, आणि हात जोडून. हातांचा दुसरा काही उपयोग सध्या होत नाही. बोटं पोळली आहेत.

भाकरीपासून सांगतो. अंजना कामावर गेली की मी दाराला आतून कडी लावतो आणि पीठ काढतो. तू सांगितल्यासारखी उकळी आणली. निवायला ठेवायचं ते मात्र चेअरमनच्या घाईनं ठेवलं नाही. हात घातला आणि ओरडलो ते शेजारच्या गीतावहिनींनी भिंतीपलीकडून ऐकलं. पहिली भाकरी परातीत झकास गोल झाली. उचलून तव्यावर टाकेपर्यंत तिचा जिल्हा झाला. आष्टी एकीकडं, पाटोदा एकीकडं, गेवराई चुलीत आणि अंबाजोगाई माझ्या पायावर. दुसऱ्या भाकरीचं तेच. हाताला फक्त केज राहिलं, ते खाल्लं.

आता सोसायटीच्या ओट्यावर एखादी बाई म्हणाली, भाकरी मोडते हो, की मी म्हणतो, "मोडतेच." बायांना वाटतं चेअरमन आजारी आहे.

येसरचं ऐक. एका वेळी एकच भाज म्हणालीस, ते पाळलं. फक्त मिरच्या भाजताना तव्याकडं पाठ करून खोबरं किसत बसलो. जरा वेळानं गल्ली खोकायला लागली. गीतावहिनी तोंडाला पदर लावून दारात आल्या आणि विचारलं, "दाजी, कुणाची दिष्ट काढताव? लईच बसलेली दिसती." मी म्हटलं माझीच. त्या म्हणाल्या, बरं केलं, हल्ली तुमचं काही खरं दिसत नाही.

पुरण दोन वेळा केलं. टँकरचं पाणी होतं, डाळ छान मोडली. उलथनं मात्र उभं राहिलं नाही, पोहायला लागलं. टाकवेना, म्हणून डब्यात घालून छावणीत नेलं. आपला ढवळ्या गेले कित्येक दिवस उसाच्या वाढ्यांवर जगतो आहे, हाडं मोजून घ्यावीत असा झालाय. त्याच्यापुढं डबा धरला. त्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. दुष्काळात, अक्का. छावणीतली माणसं बघत होती. मी डबा झाकून, जनावरांची मोजणी करायला आल्यासारखा, हळूहळू निघालो.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. परवा कामावर इंजिनिअर आला नाही म्हणून अंजना दुपारीच परतली. परातीत माझ्या भाकरीचे तुकडे पडलेले. तिनं ते बघितले, खांद्यावरचं खोरं खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "मामा, माझ्या हातचं गोड लागंना का तुमाला?"

मी म्हणालो, दात हलतोय, मऊ काही जमतं का बघत होतो. तेव्हापासून ती बिचारी मला रोज कण्या शिजवून घालते. माझे दात दगडासारखे आहेत आणि मी तोंड वाकडं करून कण्या गिळतो.

साहेब लोक पुरणपोळीच खाणार आहेत. तू त्याचा फार विचार करू नकोस.

निवृत्ती


धर्मापुरी
२० मार्च १९७३

निवृत्ती,

आशीर्वाद आत्ता न्हाई. पत्राच्या शेवटाला देते की न्हाई ते बघू.

हरिबा भांडेवाला परवा आमच्या दारात बसला हुता. बोलता बोलता म्हणला, तुमचे बंधू मांजरसुंब्याला हॉटेलात भेटले. एका बाईसंगं अन् तिच्या पोरासंगं बसले हुते, सोयरिकीचं बोलणं चाललं हुतं. मग बीडला कापडाच्या दुकानात दिसले. हिरवं लुगडं घेतलं, काठ दहा डाव हात लावून बघितला. हरिबानं विचारलं कुणासाठी, तर म्हणे तू कानात पाणी गेल्यासारखं केलंस.

आता मला समदं उमगलं. कावून भाकरी शिकायलास, कावून कडी लावून बसायलास, कावून मला साहेब सांगितलेस. निवृत्ती, तुझी साठी झाली. मिशी पांढरी, गुडघे वाजतेत. या वयात तुला नवरी आणायची हाय? अन् तिला दाखवाय बसलास की म्या भाकरी बी करतो? तुझा भारत जाऊन तीन वर्सं झाली, ती पोर पांढऱ्या कपाळानं तुझी भांडी घासती, तिच्यापुढं तू हिरवं लुगडं नेसवून बाई आणणार?

जाऊबाई म्हणती, पुरुषाची जात. मी म्हणले, माझा भाऊ तसा न्हाई. आता मला खाली बघावं लागतंय.

काय ते खरं लिही. न्हाईतर मी एस्टीत बसून येते अन् तुझ्या ओट्यावर उभी राहून विचारते.

दगडाबाई


मु. वाघदरा
२७ मार्च १९७३

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो आणि मग आरशात बघितलं. अक्का, या तोंडाला नवरी मिळेल असं तुला वाटलं, यातच तुझी माया दिसते.

लुगडं अंजनासाठी आहे. बोलणंही तिचंच आहे.

खोटं लिहिलं कारण तुझी भीती वाटली. आता लिहितो, रागावलीस तर रागाव.

पावसाळा कोरडा गेला तेव्हाची गोष्ट. अंजना कामावरून आली होती. दिव्याजवळ बसून हातात घुसलेली दगडाची कपची सुईनं काढत होती. तिला बघून मला वाटलं, मी आज आहे उद्या नाही. मी मेल्यावर या घरात ती आणि हा ओटा, दोघंच राहतील. चोवीस वर्षांची पोर आहे. भारतला शेतात साप चावला, त्यात तिचं काय चुकलं?

आपल्यात पूर्वी विधवेचा पाट लागायचा, तिचा दुसरा संसार उभा राहायचा. आजाच्या वेळी लागलेला मी ऐकला आहे. मग जमिनी वाढल्या, कोणी पाटील झालं, कोणी सरपंच झालं, तसं पाट लावणं हलकं वाटायला लागलं. मी भावकीत विषय काढला. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. तपकीर ओढली आणि कामं आठवून उठून गेले. तिच्या भावाकडं गेलो. तो म्हणाला, आम्ही एकदा दिली, आमचं काम संपलं.

अंजनासाठी बघितलेला मुलगा राधाकिशन. आमच्या भागातल्या सोसायट्यांचा सचिव आहे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. मिलोच्या रांगेत बाया अंगावर येतात तेव्हा मी ओरडतो, तो ओरडत नाही. म्हाताऱ्या बाईला सावलीत बसवतो आणि तिचं धान्य आधी देतो. मीच त्याला विचारलं. तो खूप वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, आईला विचारतो. ती मांजरसुंब्याला भेटली ती त्याची आई, वत्सलाबाई. ती घरी येऊन मुलगी बघणार, जेवणार, मग सांगणार.

आता चुलीचं. मुलगी दाखवायची त्या दिवशी तिनंच धूर खात बसायचं, हे मला पटत नाही. त्या दिवशी आई रांधते. अंजनाला आई नाही, सासू नाही. गीतावहिनींना विचारलं. त्यांचे डोळे भरून आले, पण म्हणाल्या, "दाजी, कायबी सांगा, पाटाच्या सैपाकाला नका बोलवू. आमचं कुंकू हाय." बाकीच्या बायाही तेच म्हणतील. सवाष्णीनं पाटाला हात लावायचा नाही असा धाक आहे, त्याला मी काय करू? मग राहिलो मी. मला कुंकू नाही, मला धाक नाही, फक्त भाकरी येत नाही.

आणखी एक. ती गेल्यावर मला तरी कोण करून घालणार? तेव्हा शिकणं दोन्हीकडून कामाचं.

पाट लोक अंधारात लावतात, तोंडं लपवून. मी उजेडी लावणार आहे.

तुला आधी सांगितलं नाही याचं कारण तुला माहीत आहे. तू एकोणीस वर्षांची असताना दाजी गेले. तुझ्यासाठी कोणी असं काही केलं नाही. तुला हे लिहायला पेन उचलत नव्हता.

तुझा
निवृत्ती


मु. वाघदरा
१६ एप्रिल १९७३

ती. अक्का,

कार्डावर लिहितो आहे, टपालवाला वाचेल तर वाचू दे. तुझं उत्तर नाही. धर्मापुरीचं टपाल येतं, मी चौकशी केली. म्हणजे तू लिहिलंच नाहीस.

पाहुणे येता सोडून त्यापुढच्या रविवारी, एकोणतीस तारखेला येणार. भाकरी आता अख्खी निघते. गोल नाही, पण अख्खी. येसर जमली. पुरणात उलथनं उभं राहिलं, ते मी गीतावहिनींना बोलावून दाखवलं.

तुझ्या मनात राग असेल तर तो माझ्यावर असू दे, पोरीवर नको.

निवृत्ती


धर्मापुरी
२२ एप्रिल १९७३

चि. निवृत्तीस आशीर्वाद. मागच्या पत्राचा बी यातच धर.

लिहाय बसले की कागद ओला व्हायचा. दोन कागद फाडले. हा तिसरा.

तुला माहीत न्हाई ती गोष्ट सांगते. तू तवा लहान, जनावरांमागं जायचास. हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्साला मी आबांकडं राहायला आले हुते. एक दिवशी आबा म्हणले, केजकडचे पाहुणे येणार हाईत, चांगलं रांध. मी रांधलं. येसर केली, धपाटे केले, शेंगांची पोळी केली. लई मन लावून केलं. पाहुणे पोटभर जेवले. मग ओट्यावर बोलणं झालं अन् ते गेले. चार महिन्यांनी आई बोलून गेली, ते तुलाच मागाय आलते, आबांनी न्हाई म्हणून सांगितलं.

माझ्याच मागणीचं जेवण मी रांधलं, निवृत्ती. अन् कुणासाठी ते मला कुणी सांगितलं न्हाई.

विचारलं असतं तर मी काय म्हणले असते, ते मला आजबी सांगता येत न्हाई. दीर-जावांनी मला काय कमी केलं न्हाई. कदाचित मी न्हाईच म्हणले असते. पण माझं न्हाई मी म्हणले असते.

तुझी समदी पत्रं आज परत वाचली. भाकरी करून बघितलीस, पुरण करून बघितलंस, बैलाला विचारलंस. भावकीला, तिच्या भावाला, गीताला, राधाकिशनला, त्याच्या आईला विचारलंस. अंजनाला विचारल्याचं मला कुठं सापडलं न्हाई.

आबा कडक हुते अन् तू मायाळू हायस, पण या एका बाबतीत तू आबांचाच पोरगा.

हे पत्र पोचलं की चूल इझव अन् आधी तिला विचार. ती न्हाई म्हणली तर पाहुण्यांना कळव, येऊ नका. तुझं पुरण तू खा.

दगडाअक्का


मु. वाघदरा
९ मे १९७३

ती. अक्का,

पत्र शुक्रवारी मिळालं. पाहुणे रविवारी. वाचून मी ओट्यावर बसलो तो रॉकेल घ्यायला आलेल्या माणसाला मिलो मोजून दिली.

तू म्हणालीस ते खरं आहे. मी तिला विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, आधी सगळं जमवून ताटात वाढावं आणि मग पोरीला हाक मारावी. किती शहाणा माणूस मी.

संध्याकाळी ती आली, पाय धुतले. मी म्हटलं, आज तू बस, भाकरी मी करतो. ती घाबरली. मला ताप आहे का बघितलं. मग बसली. मी थापायला घेतलं आणि तिच्याकडं पाठ करूनच बोलायला सुरुवात केली. तोंड दाखवायचा धीर झाला नाही. सोसायटीच्या सभेत ठराव मांडतो तसं चाललं होतं. आधी दुष्काळावर बोललो, मग पाऊसमानावर, मग माणसाच्या आयुष्याचा भरवसा नाही यावर. ती म्हणाली, "मामा, सरळ बोला. भाकरी करपती."

मग सरळ बोललो. राधाकिशनचं नाव घेतलं. म्हटलं, तुझ्या मनात नसेल तर उद्याच निरोप धाडतो, आणि या घरातून तुला कोणी हलवणार नाही.

मी वळून बघितलं तर ती लुगड्याच्या पदराची गाठ सोडत होती आणि बांधत होती. मग म्हणाली, "मला वाटलं, मी नकोशी झाले. म्हणून तुमी येगळं शिजवून खाताव."

अक्का, चुलीचा धूर फार होता त्या दिवशी.

मग तिनं विचारलं, "मी गेल्यावर तुमचं कसं?" मी तिच्या ताटात भाकरी वाढली, वर येसर ओतली. तिनं कुस्करून खाल्ली. एक घास, दुसरा घास. म्हणाली, "मीठ इसरलात." उठून मीठ घेतलं, ताट पुसून खाल्लं. मग म्हणाली, येऊ द्या त्यांना. पण मी दाराआड पदर ओढून उभी राहणार नाही. समोर बसून बोलेन. पटलं तर हो म्हणेन, नाही तर तुमची भाकरी खाऊन ते जातील.

आता रविवारचं ऐक, यात तुला हसायला जागा आहे.

शनिवारी टँकर आला नाही. घरात होतं ते विहिरीच्या तळाचं, मचूळ पाणी. डाळ चढवली. ती शिजेचना. बोटानं दाबली तर बोट मोडेल. गूळ आधी घातला नव्हता, तुझी शपथ. सगळे प्रयोग टँकरच्या गोड पाण्यावर केले होते, आणि या पाण्याचा मला अंदाजच नाही. चेअरमनच्या डोक्यात एवढं आलं नाही, की पाणी बदललं की डाळही बदलते. लाकूड संपत आलं, ऊन वर आलं, पाहुणे मारुतीच्या देवळाशी पोचल्याचा निरोप आला. गोड काहीच नाही.

अंजना माझ्याकडं बघत उभी होती. तिनं फडताळातून डबा काढून पुढं केला. कामावर मजुरांना सुकडी मिळते, ती भाजलेल्या पिठाची गोड सुकडी. अंजना आपल्या वाट्यातली थोडी थोडी साठवून ठेवायची, माझ्यासाठी. मी गुळाचा पाक केला, सुकडी त्यात घातली, लाडू वळले आणि वर एकेक शेंगदाणा दाबला. ताटात असे दिसत होते की बेसनाचे समजून मीही फसलो असतो.

वत्सलाबाई गंभीर बाई आहे. आल्या आल्या घरभर नजर फिरवली. घरात दुसरी बाई नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं. जेवायला बसली. भाकरी उलटून बघितली. येसर ओरपली. मग लाडू फोडला, तोंडात टाकला आणि थांबली. पुन्हा चावला.

म्हणाली, "चेअरमनसाहेब, ही आमच्या खडीवरची सुकडी हाय."

मी खाली बघितलं. तिनं पदरात तोंड घालून हसायला सुरुवात केली. ती स्वतः खडी फोडायला जाते, अक्का. सकाळी डोळ्यापुढं सुकडी, संध्याकाळी सुकडी. म्हणाली, मी येताना भीत होते. चेअरमनचं घर, आपल्याला मांडीला मांडी लावून बसता येईल का म्हणून. मग हसतच विचारलं, हे रांधलं कुणी? अंजना म्हणाली, मामांनी. वत्सलाबाईचं हसू थांबलं. तिनं माझ्या पोळलेल्या बोटांकडं बघितलं, मग अंजनाकडं बघितलं.

जेवण झाल्यावर अंजना हिरवं लुगडं नेसून समोर बसली. राधाकिशनला तिनं एकच विचारलं, त्याच्या पहिल्या मंडळींचं नाव काय होतं. तो दचकला, मग म्हणाला, रुक्मिण. अंजना म्हणाली, "त्यांची आठवण घरात निघंल, ती निघू द्यावी. आमच्या ह्यांचीबी निघंल. चालंल का?" त्यानं मान हलवली. नुसती हलवली नाही, डोळे पुसून हलवली.

निघताना वत्सलाबाई दारात थांबली. मला म्हणाली, "आमच्याकडं तिला काय कमी पडणार न्हाई. फक्त सासरा न्हाई. तेवढं एक कमी पडंल."

अंजनाला मी संध्याकाळी पुन्हा विचारलं. या वेळी तोंडाकडं बघून. ती हो म्हणाली.

महिनाअखेरच्या रविवारी, उजेडी, घरापुढच्या मांडवात पाट लावायचा ठरला आहे. पाटासाठी भटजी मिळाला. वाजंत्री मिळाली. बाया मिळत नाहीत. हळद कोण लावणार, ओटी कोण भरणार, मला कळत नाही. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक मी एकटा करेन म्हणतो. भाकरी मला येते. पण हळद लावणं मला येत नाही, आणि तिला ते मी कसं करू? बापाचं काम झालं, आईचं अडलं आहे.

निवृत्ती


धर्मापुरी
१७ मे १९७३

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद.

पत्र जाऊबाईला वाचून दाखवलं. ती बी रडली, मग सुकडीच्या लाडवाला हसली. तिला पाटाला यायचं न्हाई, तिचं कुकू हाय, मी तिला आग्रह केला न्हाई. पण तिनं हळदीची पुडी अन् खणाचं कापड माझ्या गाठोड्यात बांधून दिलं. म्हणली, माझं नाव सांगू नका.

मी येते. येत्या गुरुवारच्या एस्टीनं निघते, बीडात मुक्काम करून शुक्रवारी तुझ्याकडं. हळद मी लावते. ओटी मी भरते. सवाष्णींना भ्यावं लागतंय, त्यांच्यापाशी गमवाय कायतरी हाय. मला काय भ्यायचं? माझं जायचं ते कवाच गेलं. लोक म्हणतील, विधवेनं विधवेला हळद लावली. म्हणू दे. उजेडी लावणार हायस ना, मग उजेडीच बघू दे.

भटजी कुरकुरला तर मला बोलाव.

सैपाकाचं तू बघायचं न्हाई. गीताला सांग, पाटाला नको येऊ, पण तुझ्या घरातल्या दोन परातींचं पीठ तेवढं मळून भिंतीवरून दे. पिठाला कुकवाचा काय धाक? ती देईल. बाकी मी अन् अंजना मिळून बघतो. लगीन लागायच्या दिवशी ती चुलीला हात लावणार न्हाई, आदल्या दिवशी लावील. मला तिच्यासंगं एक दिवस बसायचं हाय.

तुला सकाळीच न्हाणीत पाणी ठेवीन. धुतलेला सदरा घाल, फेटा बांध. चुलीकडं येऊ नको, मी हाकलून लावीन. नवरीचा बाप चुलीपुढं बसत नसतो. मांडवात पुढं बस, अन् जो येईल त्याला या म्हण.

तुझी
दगडाअक्का